आयर्लंडच्या डिंगल द्वीपकल्पावर वयस्कर आई-वडिलांना न्यायचंय. हॉटेल घ्यावं की हॉलिडे होम? किती दिवस, आणि काय बघावं?

घर घ्या. आणि पाच रात्री तरी घ्या, दोन-तीन नको.

उत्तर इथंच संपवलं असतं. पण प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय, "माझा भाऊ म्हणतो एका खेड्यात घर घेऊन बसण्यात दिवस फुकट जातात, तेवढ्यात अख्खा आयर्लंड कव्हर होतो." ते वाचलं आणि राहवलं नाही. जवळजवळ याच शब्दांत हे मला माझ्या दादानं ऐकवलंय, आधी फोनवर, मग तिथं गाडीत, आणि गेल्या दिवाळीत सगळ्या नातेवाइकांसमोर.

मी सात वर्षं कॉर्कला राहते. आई-बाबा पहिल्यांदा येणार म्हणून दादा-वहिनीही आले. दादानं निघायच्या आधीच तक्ता करून पाठवला होता: आठ दिवसांत डब्लिन, जायंट्स कॉजवे, मोहरचे कडे, किलार्नी, रिंग ऑफ केरी. नकाशा उघडून बघा, कॉजवे बेटाच्या पार उत्तर टोकाला आहे आणि केरी नैर्ऋत्येला. रोज बॅगा भरायच्या, रोज नवी खोली, रोज चार-पाच तास गाडीत. तेव्हा आई ६८ वर्षांची होती, बाबा ७४ वर्षांचे. आईचे गुडघे गाडीत तासाभरात आखडतात. मी नाही म्हटलं. दोन आठवडे फोनवर भांडण चाललं. शेवटी ठरलं की सहा रात्री डिंगल द्वीपकल्पावर एकाच घरात आणि उरलेल्या दोन डब्लिनला.

जुलैचा शेवटचा आठवडा होता. उन्हाळ्यात तिथली बरीच घरं शनिवार ते शनिवार अशी आठवड्यानंच देतात, सहा रात्रींसाठी मालकिणीला विनवावं लागलं. घर डनक्विनला घेतलं, द्वीपकल्पाच्या जवळजवळ शेवटाला, समुद्राकडे उतरत जाणाऱ्या उतारावर. मी ते का निवडलं ते सांगते, कारण तुम्हालाही याच गोष्टी बघायच्या आहेत. झोपायच्या दोन खोल्या आणि न्हाणीघर तळमजल्यावर होतं. स्वयंपाकघराची खिडकी समुद्राकडे होती. आणि दारातून बाहेर पडलं की चालायला रस्ता होता, गाडी काढावी लागत नव्हती. फोटोत सोफा कसा आहे ते बघू नका. जिना कुठं आहे ते विचारा.

पत्त्याबरोबर एअरकोड मागून घ्या. ग्रामीण आयर्लंडमध्ये घरांना नंबर नसतात, गल्ल्यांना नावं नसतात, एकाच पत्त्यावर पाच घरं निघतात. २०१५पासून प्रत्येक घराला स्वतःचा सात अक्षर-आकड्यांचा कोड मिळालाय, तो टाकला की गाडी दारात जाते. तो नसेल तर पाट्या वाचत बसाल, आणि पश्चिमेकडचा भाग गेलटाख्त, म्हणजे आयरिश बोलणाऱ्यांचा मुलूख असल्यानं पाट्या फक्त आयरिशमध्ये असतात. डिंगल गावाच्या नावावरून तर मोठा वाद झाला. २००५ साली सरकारनं अशा गावांची इंग्रजी नावं अधिकृत वापरातून काढली, पुढच्या वर्षी गावानं दोन्ही नावं हवीत म्हणून मतदान केलं, आणि २०११ साली कायद्यानं 'डिंगल' परत आलं. रस्त्यावर 'अन दँगन' अशी पाटी दिसली तर चुकलात असं समजू नका.

शनिवारी कॉर्कहून किलार्नीमार्गे निघालो, वाटेत इंच नावाच्या पुळणीवर थांबलो. समुद्रात पाच-एक किलोमीटर घुसलेली वाळूची जीभ आहे ती, आणि गाडी थेट वाळूवर नेता येते. आईला चालावंच लागलं नाही, गाडीच्या दारातून उतरून तिनं पाय भिजवले. तुमच्या आईंसाठी ही जागा नक्की ठेवा. किराणा डिंगल गावातच भरून घ्या, पुढं मोठं दुकान नाही.

दुसऱ्या दिवशी धुकं. नुसतं धुकं नव्हे, खिडकीच्या काचेला कुणी बाहेरून चुना फासावा तसं. दादा म्हणाला, बसून काय करायचं, स्ले हेडची फेरी करू. डिंगलपासून सुरू होऊन डिंगललाच परत येणारा हा सुमारे ४७ किलोमीटरचा किनाऱ्याचा रस्ता, त्यासाठीच लोक येतात. आम्ही गेलो. ज्या वळणावरून ब्लास्केट बेटं दिसतात तिथं रस्त्याकडेचा पांढरा क्रूस तेवढा दिसला. ग्रेट ब्लास्केट तिथून जेमतेम दोन किलोमीटर, पण खाली लाट फुटल्याचा आवाज येत होता आणि लाट दिसत नव्हती. दादानं गाडीत सगळ्यांसमोर म्हटलं, "म्हातारपणी आई-बाबांना आणलंस आणि भिंत दाखवतेयस." बाबा काही बोलले नाहीत. ते न बोलणं मला जास्त लागलं.

त्यात रात्री गरम पाणी संपलं. दादा नेमका शेवटी आंघोळीला गेला होता. यात घराचा दोष नव्हता, मला ते आधी सर्वांना सांगायला हवं होतं, म्हणून तुम्हाला सांगते. आयर्लंडमधल्या जुन्या घरांत कपाटात पाण्याची टाकी असते आणि तिच्या आत विजेचा हीटर. त्याला 'इमर्शन' म्हणतात. बटणावर 'सिंक' आणि 'बाथ' असं लिहिलेलं असतं. 'सिंक'वर ठेवलं तर फक्त वरचं थोडं पाणी तापतं, भांडी घासण्यापुरतं. पाच जणांच्या आंघोळी असतील तर तासभर आधी 'बाथ'वर करायचं आणि झालं की बंद करायचं. शॉवर विजेचा असेल तर त्याची वेगळी दोरी छतावरून लोंबत असते, ती ओढल्याशिवाय पाणी तापत नाही. हॉटेलात हे काही करावं लागत नाही, खरं आहे. पण हॉटेलात रात्री साडेसातला बाबांना मऊ वरणभातही मिळत नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी सातला दादा-वहिनी गाडी घेऊन मोहरला निघून गेले. जाता-येता तीन-तीन तासांहून जास्त, मधे शॅनन नदी फेरीबोटीनं ओलांडायची. आम्ही तिघं मागं राहिलो, गाडीशिवाय, धुक्यात. मला रडू येत होतं.

बाबा कोट घालून बाहेर गेले आणि बराच वेळ परतले नाहीत. बघायला गेले तर वरच्या अंगाला शेजारचा शेतकरी पडलेली बांधाची भिंत रचत होता आणि बाबा त्याला दगड उचलून देत होते. तिथल्या सगळ्या शेतांना अशा कोरड्या दगडी भिंती आहेत, चुना नाही, माती नाही. आमच्याकडे याला गडगा म्हणतात. बाबांनी लहानपणी आजोबांबरोबर गडगे घातलेले. बाबांनी एक दगड आडवा, भिंतीच्या लांबीला धरून ठेवला, छान सपाट तोंड बाहेर येईल असा. शेतकऱ्यानं काही न बोलता तो काढला, फिरवला आणि लांबी आत जाईल असा बसवला. बाबा हसले, म्हणाले, "बरोबर आहे. वडील याचसाठी ओरडायचे." बाहेरून चांगला दिसणारा दगड आतून पकड घेत नाही, पहिल्या म्हशीच्या धक्क्याला गडगा उतरतो. मी दोघांमध्ये दुभाषी म्हणून उभी राहिले आणि पाच मिनिटांत लक्षात आलं की माझी गरज नाही. तासाभरानं बाबा आत आले तेव्हा त्यांचे हात सोललेले होते. ते आईला सांगत होते की इथं गवत कमी आणि दगड जास्त, आपल्या सड्यासारखं.

दुपारी आईला घेऊन ब्लास्केट सेंटरला चालत गेलो. आमच्या घरापासून वीस मिनिटं. समोरच्या बेटावर जे लोक राहायचे त्यांची हकीकत तिथं मांडली आहे. मासेमारी, थोडे बटाटे, मेंढ्या, इंधनाला वाळवलेलं पीट, म्हणजे दलदलीतली माती. आणि एवढ्याशा बेटावरून आयरिश भाषेतले नामांकित लेखक निघाले, टोमास ओ क्रिहन, पेग सेयर्स, मुरिस ओ सुलवान. पेगना आयरिश लिहिता येत नव्हतं, त्यांनी सांगितलं आणि मुलानं उतरवून घेतलं. मी वाचत होते आणि आईला मराठीत सांगत होते.

मग बेट रिकामं का झालं ते आलं. तरुण माणसं अमेरिकेला निघून जात होती, ते चालूच होतं. १९४७च्या जानेवारीत बेटावरचा एक तरुण मेंदूज्वरानं आजारी पडला, समुद्र खवळलेला, डॉक्टर पोचू शकला नाही आणि तो गेला. १७ नोव्हेंबर १९५३ रोजी उरलेल्या २२ जणांना सरकारनं बेटावरून मुख्य भूमीवर हलवायला घेतलं. मी हे सांगून पुढं निघाले, तर आई मागंच. सेंटरच्या लांब बोळाच्या शेवटी मोठी काच आहे, तिच्यातून समोर ते बेट दिसतं. त्या दिवशी काच नुसती पांढरी होती. आई तिथं बाकावर बसली होती.

ती म्हणाली, "तर बंद होती."

आईचं माहेर खाडीपलीकडचं. तर म्हणजे खाडी ओलांडून माणसं नेणारी होडी. माझा एक मामा लहानपणी गेला एवढंच आम्हाला ठाऊक होतं. कसा, ते कुणी विचारलं नव्हतं आणि तिनं सांगितलं नव्हतं. तो चौदा वर्षांचा होता, आई नऊ वर्षांची. श्रावणात ताप आला. डॉक्टर खाडीच्या अलीकडच्या काठाला. खाडीला पूर, तीन दिवस तर बंद. तरीवाल्यानं दुसऱ्या दिवशी होडी घालून बघितली आणि अर्ध्यातून फिरवली. आजी धक्क्यावर उभी राहून पलीकडे हाका मारत होती, आई तिचा पदर धरून. तिसऱ्या दिवशी पाणी उतरलं आणि डॉक्टर आले, तोवर मामा गेला होता. आई म्हणाली, "पलीकडचा दिवा दिसायचा ग. दिवा दिसायचा आणि जाता यायचं नाही."

आम्ही तिथं दीड तास बसलो असू. कुठं जायचं नव्हतं, गाडी नव्हती, पुढचा पॉइंट नव्हता. बाबा शेजारी बसून होते. बाबांनाही हे इतकं सगळं माहीत नव्हतं, हे मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं.

तुमच्या भावाला 'कव्हर' या शब्दाचा अर्थ विचारा. डिंगलसाठी दादानं केलेल्या तक्त्यात ब्लास्केट सेंटरला चाळीस मिनिटं होती.

आता दादाची बाजू, कारण ती खोटी नाही. त्या दिवशी मोहरला लख्ख ऊन होतं. ते कडे २१४ मीटरपर्यंत चढतात आणि खरोखर बघण्यासारखे आहेत, वहिनीचे फोटो सुंदर आलेत. रात्री दहाला ते परत आले, अजून थोडा उजेड होता, आणि दादा खूश होता. आईनं त्याला जेवायला वाढलं. मामाचा विषय निघाला नाही.

चौथ्या दिवशी सगळं उघडलं. सकाळी पडदा सारला तर समोर बेटं, उत्तरेकडच्या बेटाचा आकार पाठीवर झोपलेल्या माणसासारखा, त्याला लोक 'झोपलेला राक्षस' म्हणतात. आम्ही फेरी पुन्हा केली. ही फेरी घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं करा, व्हेंट्रीकडून. बसेस त्याच दिशेनं जातात, उलटे आलात तर अरुंद जागी बस समोर येते आणि कड्याला लागून मागं जावं लागतं. शिवाय गाडी डाव्या बाजूनं चालते, म्हणजे समुद्र आपल्याच बाजूला. जुलै-ऑगस्टमध्ये रस्त्याच्या दोन्ही अंगांना लाल फ्युशियाची कुंपणं फुललेली असतात. आयरिशमध्ये तिचं नाव 'देवाचे अश्रू' असं आहे, आईनं ते दोनदा विचारून घेतलं.

गॅलरसला नक्की थांबा. उपड्या होडीसारखं दगडी प्रार्थनास्थळ, बाहेरून कुठंही चुना दिसत नाही. कुणी ते सहाव्या-सातव्या शतकातलं म्हणतं, कुणी बाराव्या. प्रत्येक थर आतल्या बाजूला थोडा पुढं घेत नेऊन वर मिटवलेलं आहे. बाबांनी आत जायच्या आधी भिंतीवर तळहात ठेवून दादाला दाखवलं की दगड बाहेरच्या बाजूला किंचित कलते बसवलेत, म्हणजे पागोळ्या बाहेरच पडणार. दादानं लक्ष देऊन ऐकलं. "तुम्हाला कसं कळलं?" त्यानं विचारलं, आणि बाबा म्हणाले, "काल शेजारी होतो ना."

बेटावर जायचं असेल तर हे नीट वाचा, घर पाच रात्रींसाठी घ्या म्हणते त्याचं खरं कारण हे आहे. ग्रेट ब्लास्केटची बोट ऊन-पावसावर ठरत नाही, समुद्रावर ठरते. पाचव्या दिवशी लख्ख ऊन होतं आणि बोट रद्द, कारण अटलांटिकमध्ये दूर कुठंतरी झालेल्या वाऱ्याच्या मोठ्या लाटा येत होत्या. सहाव्या दिवशी गेली. मुक्कामाच्या पहिल्या दिवसाचं बुकिंग करा म्हणजे रद्द झालं तरी पुढचे दिवस हातात राहतात. बेटावर धक्का म्हणावा असा नाही, बोटीतून लहान रबरी होडीत उतरायचं आणि तिच्यातून ओल्या दगडावर पाय टाकायचा. गुडघे दुखणाऱ्या माणसाला हे जमणार नाही. आई-बाबा वर थांबले, डनक्विनच्या धक्क्याकडे उतरणारा नागमोडी रस्ता दिसतो तिथं. तो रस्ताही आईंना उतरवू नका, उतरणं होतं पण चढणं होत नाही.

दादा, वहिनी आणि मी गेलो. बिनछपरांची घरं, पांढऱ्या पुळणीवर सील पडलेले, आणि वळून पाहिलं की मुख्य जमीन इतकी जवळ की घरं मोजता येतात. तिथं मामाची गोष्ट माझ्या अगदी ओठांवर आली. पण ती आईची गोष्ट होती, मी गप्प राहिले. दिवाळीत काकांनी विचारलं, आयर्लंड कसं, तर दादा म्हणाला, "मोहर बघावं. डिंगलला नुसता पाऊस आणि मेंढ्या." आई स्वयंपाकघरात होती. ऐकलं असेल.

तुमच्या बाकीच्या प्रश्नांचं थोडक्यात. पावसाच्या दिवसासाठी डिंगल गावातल्या जुन्या कॉन्व्हेंटच्या चॅपेलमधल्या हॅरी क्लार्क या कलावंताच्या रंगीत काचा बघा. जाता-येता ॲनस्कॉल गाव लागतं, दक्षिण ध्रुवाच्या मोहिमांवर गेलेला टॉम क्रीन तिथला. कॉनर पास या घाटावरून दिसतं अप्रतिम, पण रस्ता एका जागी एका गाडीपुरताच आहे, कडा एका अंगाला अंगावर येतो, आणि २ टनांवरच्या गाड्यांना बंदी आहे. ज्यांना गाडी लागते त्यांना नेऊ नका. कुमिनोलची पुळण वरून बघा, पाण्यात उतरू नका, ओढ फार आहे. स्वतःजवळ गाडी हवीच, बसच्या भरवशावर डनक्विनला राहता येणार नाही. ऑटोमॅटिक हवी असेल तर फार आधी बुक करा. पर्यटक म्हणून भारताचं लायसन्स चालतं, पण वयाच्या आणि लायसन्स किती जुनं याच्या अटी प्रत्येक गाडी देणाऱ्याच्या वेगळ्या, त्या वाचा. शेंगेन व्हिसा इथं चालत नाही, वेगळा काढावा लागतो.

एक राहिलं. आई-वडिलांपैकी कुणाला हृदयाचा त्रास असेल, रोज डॉक्टर जवळ लागत असेल, तर डनक्विनला घर घेऊ नका, डिंगल गावात घ्या. मोठं रुग्णालय ट्रलीला आहे आणि डनक्विनपासून तासाभराहून लांब. हे मी सगळ्यात आधी लिहायला हवं होतं.

आणि भाऊ एक दिवस गाडी घेऊन मोहरला जायचं म्हणाला तर जाऊ द्या, वाद घालू नका. तुम्ही त्या दिवशी आई-वडिलांबरोबर घरी थांबा.